जेवायला कुठं बसायचं?

बँकेच्या नोकरीत मी किती घरं आतून पाहिली, याचा हिशेब ठेवला नाही. कर्ज मंजूर करण्यापूर्वी घर पाहायचं, दिल्यावर पुन्हा एकदा पाहायचं, हा आमचा शिरस्ता. मूर्तिजापूर, दर्यापूर, धामणगाव, अकोला अशा बदलीच्या गावांत रविवारी सकाळी फाईल काखेत मारून मी लोकांच्या दारात उभी राहायची. पाहायच्या असत भिंती आणि छप्पर. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईचे डोळे भिंतीपाशी थांबत नाहीत. अशा भेटींतून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मध्यमवर्गीय घरात जिच्यावर फार हौस खर्च होते आणि नावाप्रमाणे जिचा फारच कमी उपयोग होतो, अशी वस्तू म्हणजे डायनिंग टेबल.

त्या टेबलावर काय नसायचं? इस्त्रीला काढलेले कपडे, पोरांची दप्तरं, निवडायला घेतलेली तूर, टीव्ही, लग्नपत्रिका, औषधांच्या बाटल्या. एका घरी तर शिलाई मशीनच टेबलावर चढवून ठेवलेली पाहिली. सहा खुर्च्यांपैकी दोन पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी, एक पंख्याखाली, एक मोरीत बादली ठेवायला. आणि माणसं? ती टेबलाच्या पलीकडे ओट्याशी चटई टाकून जेवत असायची. ‘टेबल आहे ना?’ असं विचारलं की घरची बाई हसायची. ‘पाहुण्यांसाठी हो’, म्हणायची. पाहुणेही बहुधा चटईवरच जेवून जात असावेत.

आपल्या वऱ्हाडात हे टेबल बहुतेक वेळा आंदणात येतं. आलमारी, पलंग, गाद्या, भांडी आणि अलीकडे डायनिंग सेट. मुलीचा बाप विकत घेतो तेव्हा तिच्या सासरच्या स्वयंपाकघराची लांबी-रुंदी त्याला ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो व्याह्यांचा मान. सहा खुर्च्यांच्या जागी चार दिल्या तर लोक काय म्हणतील, ही चिंता. अशी कर्जं मी मंजूर केलेली आहेत, त्यामुळं हे ऐकीव नाही. सोयाबीनच्या भावावर फेडायचं कर्ज, आणि वस्तू येऊन पडणार दहा बाय दहाच्या खोलीत. तिथं ती दारातून आत जायलाच आधी अर्धा दिवस घेणार.

हे सगळं आठवण्याचं कारण कौंडण्यपूरच्या माझ्या भाच्यानं केलेला फोन. ‘मावशी, डायनिंग टेबल घ्याव म्हन्तो. तू लय घरं पायली, तू सांग कोन्ता घ्याव.’

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. पलीकडचा तीर वर्धा जिल्ह्याचा. इथून रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते आणि त्या वाटचालीला चारशेहून अधिक वर्षं झाल्याचं सांगतात. १९६०च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा फार जुन्या वस्तीच्या खुणा निघाल्या, काळ्या-तांबड्या मातीच्या भांड्यांची खापरं निघाली. म्हणजे या टेकाडावर माणूस हजारो वर्षांपासून रांधतो आहे, जेवतो आहे. आणि या एवढ्या काळात तो खाली बसूनच जेवत आलेला आहे. कार्तिकातल्या यात्रेला, भागवत सप्ताहाच्या काल्याला, तेराव्याला, रोडग्याच्या जेवणाला, सगळीकडे पंगत. पळसाची पत्रावळ, वांग्याची भाजी, वरण आणि मांडीला मांडी. इथून जवळच मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात पुण्यतिथीच्या वेळी बसणारी पंगत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खाली बसून जेवण्याची थोरवी मी सांगायला नको.

तेव्हा कौंडण्यपुरात टेबल कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. माझ्या थोरल्या बहिणीलाही तोच पडला होता. ‘कायले पायजे टेबल? आपुन काय सायेब लोक आहो का?’ असं ती फोनवर मागून ओरडलेली मला ऐकू आलं. पण टेबलाचं निमित्त तीच होती.

ताईचे दोन्ही गुडघे गेलेले. वर्षानुवर्षं वावरात निंदण, वेचणी, घरात चुलीपुढं उकिडवं बसणं. झिजलेल्या गुडघ्यांच्या माणसानं मांडी घालू नये, उकिडवं बसू नये, असं कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगतो, तसं तिलाही सांगितलेलं. मग ती ओसरीत बाजेवर बसून जेवू लागली. पुढ्यात एक प्लॅस्टिकचं स्टूल, त्यावर ताट. बाकीचे चौघं, म्हणजे भाचा, सूनबाई, नात आणि नातू, आत स्वयंपाकघरात चटईवर. मी दोन दिवस राहायला गेले तेव्हा हे पाहिलं. बाजेची दावण माणूस बसलं की खाली जाते, स्टूल मात्र तिथंच राहतं. त्यामुळं ताट छातीशी येतं आणि वरणाचा घास तोंडाशी जाईपर्यंत पदरावर सांडतो. पण खरी गोष्ट वेगळीच होती. एरवी दीड भाकर खाणारी माझी बहीण एकीवर उठत होती. आतून कुणाला तरी उठून यावं लागतं म्हणून ती दुसऱ्यांदा मागतच नव्हती. ‘भूक नाई’ म्हणायची. आत पोरांचं काही हसणं झालं की मान तिकडे वळवायची आणि ‘काय झालं वं?’ विचारायची. कुणीतरी ‘काई नाई आजी’ म्हणायचं. रोज दोन वेळा हे असंच. घरात कुणाचंही मन वाईट नव्हतं. फक्त बसण्याची उंची बदलली होती.

तेवढ्यात माझं लक्ष सूनबाईकडे गेलं. नवीन घरात ओटा आहे, कमरेइतका उंच, त्यावर गॅस. ती ओट्याशी उभी राहून भाकर भाजायची, तव्यावरची भाकर घेऊन चटईपाशी वाकायची, ताटात टाकायची, पुन्हा उभी. मग भाजीचा गंज घेऊन वाकायची, पुन्हा उभी. मग ओसरीत सासूकडे. मी मोजलं. एका जेवणात ती तेवीस वेळा वाकली. चूल जमिनीवर होती तेव्हा रांधणारी बाईही जमिनीवरच होती. हात लांब केला की भाकर ताटात पडायची. धुराचं आणि गुडघ्यांचं दुःख होतंच, त्या चुलीची आरती मला ओवाळायची नाही. पण रांधणारी आणि जेवणारे एका पातळीवर होते. ओट्यानं रांधणं तीन फूट वर उचललं आणि जेवणं खालीच राहिलं. या तीन फुटांचं अंतर घरातली एक बाई दिवसभर खालीवर करत असते, हे ओटा बांधताना कुणी मोजत नाही. ती स्वतः जेवायला बसायची ती सगळ्यांचं आटोपल्यावर, एकटी, चटईवरची खरकटी शितं पुसून.

जुन्या पंगतीबद्दल गहिवरून बोलणारी मंडळी मला भेटतात. मीही त्यांच्यातलीच आहे, अर्धी. पण पंगतीलाही क्रम होता. आधी पुरुष, मग पोरं, मग बाया, आणि काही माणसांना तर पंगतीत जागाच नव्हती. टेबलाची गोष्ट आपल्याकडे आली ती या विटाळाच्या भानगडीतूनच वाट काढत. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढं आली, त्या बैठकीला टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही होते. त्या चहावरून पुण्यात केवढं वादळ उठलं आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं, हे ठाऊक असेलच. ‘मेज’ हा शब्द फारसीतून आला, ‘खुर्ची’ अरबीतून, ‘टेबल’ इंग्रजीतून. आपले स्वतःचे शब्द म्हणजे पाट, चौरंग आणि अडणी. अडणी आता कुणाला आठवत नाही. ताट जरा उचलून ठेवण्याची ती छोटी तिवई. खाली बसलेल्या माणसाला ताटापर्यंत फार वाकावं लागू नये म्हणून कुणीतरी केलेली सोय. म्हणजे ताटाची उंची माणसाला जुळवून घ्यावी, हा विचार आपल्याकडे नव्हता असं नाही.

छोट्या घरातल्या जेवणाच्या जागेचा फार बारकाईनं विचार केला तो जपानी लोकांनी. त्यांच्याकडे चाबुदाई नावाचं पाय दुमडणारं बुटकं टेबल असे. जेवण झालं की पाय मिटून भिंतीशी उभं करायचं, त्याच खोलीत रात्री गाद्या पसरायच्या. आपल्या चाळीतल्या खोलीसारखंच. युद्धाच्या काळात निशियामा उझो या अभ्यासकानं गरिबांच्या घरांची पाहणी केली, तेव्हा त्याला आढळलं की घर कितीही लहान असो, लोक जेवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी ठेवायला धडपडतात. पुढं १९५१ साली तिथं सरकारी घरांसाठी जो नकाशा ठरला, त्याचं नाव ‘५१ सी’. सगळं घर सुमारे ३५ चौरस मीटरचं. पण त्यात स्वयंपाकघर थोडं मोठं केलं होतं, रांधायचं तिथंच जेवताही यावं म्हणून. अशा स्वयंपाकघरांतूनच टेबल-खुर्ची सामान्य जपानी घरात शिरली. मला यातली एकच गोष्ट भावते: आधी माणसं कशी राहतात ते पाहिलं, मग भिंत आखली.

आता आपल्या घरकुलाकडे या. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलेलं आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. आधीच्या योजनेत ते २० होतं. पंचवीस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांचा आकडाही बराच काळ २६९ चौरस फूटच होता, ही एक गंमत. नदीकाठच्या खेड्यातलं घर आणि मुंबईतलं घर मापानं सारखं. भाच्याचं घर हे असंच. पुढं खोली, मागं स्वयंपाकघर १० फूट लांब आणि ९ फूट रुंद, बाहेर त्यानं स्वतः पत्रे टाकून काढलेली ओसरी.

भाच्याला टेबल हवं होतं ते ताईसाठी, यात शंका नाही. पण नात बारावीला आहे, दोन-चार वर्षांत पाहायला लोक येतील, तेव्हा घरात एक ‘सेट’ दिसावा, हेही मनात होतं. अमरावतीच्या एका दुकानात त्यानं काचेच्या फळीचं सहा खुर्च्यांचं टेबल पाहून ठेवलेलं. मीही त्याच्याबरोबर जाऊन पाहिलं. सुरेख होतं. दुकानात सगळंच सुरेख दिसतं, कारण तिथं छप्पर वीस फूट उंच असतं आणि कुणी ताट घेऊन मागून जात नसतं.

घरी येऊन मी नातवाला खडू आणायला सांगितला. फरशीवर आधी ओटा सोडून उरलेली जागा मोजली. ओटा दोन फूट खोल, म्हणजे दहातले आठ फूट हाती राहिले. दुकानातलं टेबल पाच बाय तीन फुटांचं. आता हिशेब पाहा. खुर्ची मागं सरकवून माणसाला उठता यायला टेबलाच्या कडेपासून अडीच फूट लागतात. दोन्ही बाजूंना अडीच अडीच, मधलं टेबल तीन. झाले आठ. स्वयंपाक करणारीनं ओट्यावर चढूनच भाकरी थापायच्या! बरं, चार माणसांचं टेबल घेतलं तर ते चार बाय अडीच फुटांचं असतं. त्याचे साडेसात. उरला अर्धा फूट. खडूच्या त्या चौकटीत भाचा उभा राहिला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मावशी, हे तं जमतच नाई.’ मी म्हटलं, खडू अजून संपलेला नाही.

छोट्या जागेचे तज्ज्ञ मला विचाराल तर मुंबईचे इराणी. ट्रेनिंगला मुंबईत असताना मी त्यांच्याकडे पुष्कळ बसले आहे. संगमरवरी फळीची लहान टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. त्या खुर्चीला हात नसतात, त्यामुळं ती टेबलाखाली पुरती आत जाते; पाठ पोकळ असते, त्यामुळं खोली भरल्यासारखी वाटत नाही. या घाटाची मूळ खुर्ची थोनेट नावाच्या कारागिरानं १८५९ साली युरोपात काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केल्या की छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. बदलीच्या नोकरीत ट्रकमधून उतरवताना पाय मोडलेली टेबलं पाहिलेल्या माणसाला या खुर्चीची किंमत कळते. टेबल घ्यायचं तर पाय नट-बोल्टानं सुटे होणारं घ्या, दार कितीही अरुंद असलं तरी ते आत जातं. आणि उद्या पोरगा पुण्याला नोकरीला गेला तर सोबतही जातं.

आम्ही सगळे पर्याय खडूनं काढून पाहिले. भिंतीला बिजागरीनं लावायची आणि जेवण झाल्यावर खाली सोडायची फळी. जागा अगदी कमी घेते, एकट्या-दुकट्या माणसाला उत्तम. पण पाच जणांच्या भाकरीच्या टोपलीचा आणि ताटांचा भार, त्यात कुणीतरी उठताना फळीवर हात टेकणार. चार इंची भिंतीतले स्क्रू किती दिवस तग धरतील, याचा भरवसा मला वाटेना. ताई तर उठताना हात टेकल्याशिवाय उठतच नाही. गोल टेबल पाहिलं. तीन फूट व्यासाला चार माणसं बसतात, कोपरे लागत नाहीत, लहान पोरांच्या घरात चांगलं. पण गोल वस्तू भिंतीला सरकत नाही आणि छोट्या घरात जी वस्तू भिंतीला सरकत नाही ती खोलीच्या मधोमध राज्य करते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचता येतात, धुता येतात, वजनानं हलक्या. पण हलकेपणा हाच गुडघेवाल्या माणसाला धोका. हाताचा भार एका बाजूला पडला की त्या सरकतात.

या सगळ्या चर्चेत सूनबाई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिला विचारायचं राहिलंच होतं. विचारलं तर म्हणाली, ‘मले बी बसता आलं पायजे, मावशी. बाकी कसाबी आना.’

मग खडूनं शेवटची चौकट काढली ती अशी. ओट्यासमोरच्या भिंतीला लागून एक बाक, १५ इंच रुंद. बाक भिंतीला असला की मागं सरकायला जागा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. समोर टेबल चार फूट लांब आणि २७ इंच रुंद, बाकावर तीन इंच पुढं आलेलं. भिंतीपासून टेबलाच्या कडेपर्यंत सव्वातीन फूट. ओट्याच्या बाजूला दोन स्टुलं, जेवणं झाली की टेबलाखाली. म्हणजे स्वयंपाकाच्या वेळी बाईला पावणेपाच फूट मोकळे, आणि सगळे जेवायला बसले तरी ओट्यापर्यंत दोन फुटांहून जास्त. टेबलाच्या एका टोकाला ताईची हाताची खुर्ची. एका माणसाला टेबलाची दोन फूट कड लागते. चार फुटांत बाकावर दोघं, स्टुलांवर दोघं, टोकाला एक. पाच माणसं, पाच जागा. पाहुण्यांचा विचार मी मुद्दाम केला नाही. रोज जेवणाऱ्यांसाठी टेबल घ्यावं. वर्षातून चार दिवस येणाऱ्यांसाठी सतरंजी असते.

ताईचा यावरही आक्षेप होता. पोरं बाकावर आत सरकणार आणि टोकाला ती बसली की त्यांचा रस्ता बंद. हे खरंच होतं. नातवानं टेबलाखालून बाहेर येऊन दाखवलं आणि तो मुद्दा त्याच्यापुरता निकालात काढला.

लाकूड घरातच होतं. जुनं मातीचं घर पाडून घरकुल बांधलं तेव्हा त्याचे सागवानी फाटे आणि दाराची चौकट पत्र्याखाली पडून होती. वऱ्हाडात हे पुष्कळ घरी आढळेल. मेळघाटचा साग परतवाड्याच्या बाजारातून गावोगाव गेला आणि जुन्या घरांच्या माळ्यांत बसला. घर पाडताना लोक तो मातीमोल भावात देऊन टाकतात आणि मग भुशाच्या फळीचं टेबल घेऊन येतात. भुशाची फळी दिसायला गुळगुळीत, पण कडेची पट्टी उचकटली आणि पोछ्याचं पाणी आत गेलं की ती फुगते, आणि एकदा फुगली की बसत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला जातो आणि जुलैत भिंतीला ओल येते. अस्सल लाकूडही या दोन्हीत आकसतं-फुगतं, पण पुन्हा जागेवर येतं. साग नसेल आणि प्लायवूडच घ्यायचं असेल तर ७१० नंबरच्या शिक्क्याचं, पाण्याला टिकणारं मागा. काचेची फळी छोट्या स्वयंपाकघरात नको असं माझं मत आहे. ती जागा मोठी दाखवते हे खरं. पण पितळी गडवा तिच्यावर एकदा आपटू द्या.

वाढई गावातलाच. साठीचा माणूस, कमी बोलणारा. मी पुस्तकातली मापं सांगू लागले: टेबल तीस इंच, खुर्ची अठरा. त्यानं ऐकून घेतलं आणि ताईला भिंतीशी उभं राहायला सांगितलं. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत पट्टी लावली. साडेपंधरा इंच. ‘बाई, खुर्चीचं माप टेबलावरून नाई काढत. मानसावरून काढा लागते,’ तो म्हणाला. पुस्तकातली मापं उंच माणसांच्या देशातून आलेली. आपल्या पाच फुटांच्या बाया अठरा इंची खुर्चीवर बसल्या की टाचा अधांतरी राहतात आणि मांडीखाली रग लागते. पण इथं दुसरीच अडचण. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला बुटक्या बैठकीवरून उठणं जड जातं. त्याला बैठक गुडघ्याहून जरा उंचच लागते. म्हणजे बसायला साडेपंधरा बरी आणि उठायला अठरा. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

मेळ घातला तो पाटानं. खुर्ची अठरा इंचाचीच केली, हात इतके बुटके की टेबलाखाली जावेत. आणि पायाखाली घरातला जुना पाट. बरोबर अडीच इंच उंच. पाटाला खालून रबराच्या चकत्या मारल्या, सरकू नये म्हणून. ताईला आधी ते पटेना. ‘पाटाले पाय लावू का?’ पाटावर जेवायला बसायचं, देव मांडायचे. मी म्हटलं, लग्नात नवरीला उभं कुठं करतात? त्यावर ती काही बोलली नाही, पण पाय ठेवले. उठण्याची रीतही ठरली: आधी पाट पायानं पुढं सारायचा, दोन्ही पावलं जमिनीवर, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, मग उठायचं. टेबल त्यानं अठ्ठावीस इंचांचं केलं आणि बाक-स्टुलं सतरा. बैठकीपासून टेबलापर्यंत अकरा इंच राहिले की कोपर सुखानं टेकतं. ताईच्या टोकाला टेबलाखालची आडवी पट्टी काढून टाकली, मांडी अडू नये म्हणून.

टेबल आलं, तरी सूनबाई पहिल्या आठवड्यात बसली नाही. कारण भाच्याला भाकर तव्यावरून ताटातच लागते. गरम भाकर हे वऱ्हाडी पुरुषाचं मोठंच नाजूक ठिकाण. तुम्ही सागाचं टेबल आणा की संगमरवराचं. तव्यावरची भाकर हवी असेल तर एक माणूस उभंच राहणार. हा प्रश्न कुठल्याही फर्निचरच्या दुकानात सुटत नाही. त्यावर घरात थोडी बोलाचाली झाली, ती इथं सांगायचं कारण नाही. शेवटी फडकं घातलेली टोपली टेबलावर आली, भाकरी आधी थापून होऊ लागल्या. सूनबाईनं ओट्याजवळचं स्टूल धरलं. कढी किंवा भाजी लागली तर ती जागेवरूनच, जराशी उठून, मागं वळून घेते. भाचा अजूनही पहिल्या घासाला टोपलीतली भाकर बोटानं दाबून पाहतो म्हणे.

कार्तिकातल्या यात्रेला मी पुन्हा गेले. घरी पंचवीस-तीस माणूस जेवायला. पंगत ओसरीत आणि अंगणात बसली, पत्रावळींवर, आणि टेबलावर गंज, टोपल्या, परात असा सगळा वाढपाचा पसारा; वाढणाऱ्या पोरांना वाकून गंज उचलावा लागला नाही. ताईची खुर्ची उचलून पंगतीच्या टोकाला ठेवली होती. ती दीड भाकर जेवली, वर मला म्हणाली, ‘वरन जरा घट होतं.’

जेवणं आटोपल्यावर शेजारची एक बाई सुतळी घेऊन आली. टेबलाची लांबी मोजून, सुतळीला गाठ मारून नेऊ लागली; तिच्या लेकालाही असाच टेबल करायचा होता. घरात म्हातारं कोण आहे, मी विचारलं. सासू आहे, म्हणाली. मग तिच्या गुडघ्यापर्यंतचं माप आधी आणा, असं सांगून मी तिच्या सुतळीची गाठ सोडली.